एमिलच्या विमानावरचं कुंकू

ट्रॉय, मिशिगन, ७ सप्टेंबर

...आणि त्या सकाळी मी आधी ओटा पुसला. मग तुझ्या बाबांचे रंधे, पटाशा, कानशी, सगळं सिंकशेजारी जुन्या टॉवेलवर मांडलं आणि खोबरेल तेलाच्या फडक्यानं एकेक पुसायला घेतलं. खंडेनवमी होती. डिशवॉशर रिकामा करायचा होता, पोह्यांचा कांदा चिरायचा होता, आणि झेंडूची फुलं थंडीनं करपायच्या आत तोडायची होती. बाबा ड्राइव्ह-वेवर गाडी धूत होते. ओले पाय घेऊन तसेच आत आले.

"कुंकवाचा करंडा कुठे आहे?"

"देवाजवळ. आणखी कुठे असणार? आणि पाय पुसा."

"मोठा घे. आज विमानाची पण पूजा करायची आहे."

ओजस, पुढचं तू फोटोत पाहिलं आहेस. पण तू फक्त फोटो पाहिलास. मी तिथं उभी होते, म्हणून लिहिते. फोनवर तू "आई, ड्राइव्ह करतोय, नंतर बोलू" म्हणतोस. पत्र बाजूला ठेवून नंतर वाचता येतं. तू देवनागरी हळू वाचतोस, ते मला माहीत आहे. मंडळाच्या रविवारच्या शाळेत मीच तुला शिकवलं. वाक्यं लहान ठेवते.

त्या दिवशी म्युझियमच्या हँगरमध्ये, बाबा टीमबरोबर बांधत होते ते विमान अर्धं झालं होतं. पंखांवर कापड चढलं नव्हतं. प्लायवुडचं कोरं, माशासारखं लांबट अंग तेवढं उभं होतं. वैमानिकाच्या जागेखाली, डाव्या अंगाला, बाबांनी अनामिकेनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. या देशात आल्यापासून घरात आलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर त्यांनी ते काढलं होतं. तुझ्या पहिल्या होंडावरही काढलं होतं, आणि तू शाळेतल्या मुलांना दिसायच्या आत कार-वॉशला पळालास. त्यांचा हात सवयीनं वळला. जर्मन विमान, अमेरिकेतलं म्युझियम, आणि त्यावर हे चिन्ह. याचा काय अर्थ होईल, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. मी नारळ धरून उभी होते. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "एमिल, बाळा, तुझं नाव परत लावतोय." हे फोटोत आलं नाही.

फोटो कुणीतरी कौतुकानं काढला आणि म्युझियमच्या पेजवर टाकला. दुसऱ्या दिवशी उतरवला, पण तोवर लेआनं पाहिला होता. तिच्या आजोबांचं अर्धं घराणं त्या चिन्हाखाली संपलं, हे आम्हाला तुमच्या लग्नाआधीपासून माहीत होतं. तू फोन केलास. "बाबा, लेआला सॉरी म्हणा." ते म्हणाले, "सॉरी कशाबद्दल? मी त्या मुलाला मान दिला. मान पुसायचा नसतो." त्यापुढे तू जे बोललास आणि ते जे बोलले, ते मी लिहिणार नाही. दीड वर्षानं ते गेले. तोवर तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. अंत्यविधीला तू आलास, मागच्या रांगेत उभा राहिलास, आणि संध्याकाळच्या फ्लाइटनं परत गेलास. मी तुझ्यासाठी डबा भरला होता, तो ओट्यावर राहिला.

आता कामाचं. विमान जवळजवळ पूर्ण झालं आहे. पाच ऑक्टोबरला, रविवारी, ते मोठ्या हॉलमध्ये लोकांसमोर येणार. एमिलबद्दल पंधरा मिनिटं मी बोलावं असं म्युझियमनं सांगितलं आहे, आणि मी हो म्हटलं आहे. तू, लेआ आणि माझी नात आन्या, तिघांनी यावं.

एक अडचण आहे, ती आधीच सांगते. कुंकू कोऱ्या लाकडात मुरलं. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही, वरून वॉर्निश केलं. तांबूस खूण अजून दिसते. म्युझियम म्हणतं, विमान श्रीरंगनं बांधलं, तेव्हा निर्णय सुनेत्राचा, म्हणजे माझा. मात्र हॉलमध्ये नेण्याआधी सांगा.

मी अजून काही सांगितलेलं नाही.

आई


ट्रॉय, १४ सप्टेंबर

तुझा टेक्स्ट मिळाला. "Got the letter. खूण अजून असेल तर आम्ही येणार नाही." एका ओळीत मराठी अक्षरं टाइप करायला तुला किती वेळ लागला असेल, याचाच विचार करत बसले. राग आला नाही. उत्तर आलं, हे मोठं.

तू येशील किंवा नाही येणार. एमिलचं मात्र तुला सांगणारच. भाषणाची तयारी व्हायला हवी, आणि मराठीत सांगितलं की मला माझंच जास्त कळतं.

तुझ्या बाबांनी एमिल का निवडला, हे तुला त्यांनी सांगितलं नाही आणि कधी सांगितलंही नसतं. म्युझियमकडे विमानाचे नकाशे होते, आणि कुणाच्या रंगात ते रंगवायचं यावर मीटिंग होती. बहुतेकांना सगळ्या जगाला माहीत असलेला एखादा वैमानिक हवा होता. हँकनं, तोच आमचा म्हातारा टूलमेकर, टीमचा प्रमुख, मला नंतर सांगितलं की बाबा उठून उभे राहिले. "माझी सून ज्यू आहे. मला नात होणार आहे. आजोबांनी काय बांधलं, हे तिला मान वर करून सांगता आलं पाहिजे." मग इंग्लंडातल्या कुठल्या हौशी मंडळानं छापलेली एक पातळ पुस्तिका त्यांनी टेबलावर ठेवली. लेफ्टनंट एमिल स्टर्नफेल्ड. पहिल्या महायुद्धात नऊ विमानं पाडलेला वैमानिक. पुढे जर्मनीत ज्यांचं राज्य आलं त्यांनी शूर वैमानिकांच्या याद्या नव्यानं छापल्या, तेव्हा त्याचं नाव गाळलं. का, ते तुला सांगायला नको.

ती पुस्तिका मी डिक्शनरी घेऊन वाचली. तुला आठवत असेल, लायब्ररीत तुझ्या चित्रांच्या पुस्तकांवर मी इंग्लिश शिकले. तू पुढे गेलास, मी मागून येत राहिले. आता पहिल्या महायुद्धातल्या विमानांबद्दल मी हँकशी वाद घालू शकते, आणि घालते.

एमिल वुर्झबुर्गजवळच्या एका गावातला. वडील बिअरला लागणाऱ्या हॉप्सचे व्यापारी. युद्ध सुरू झालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पहिल्याच महिन्यात स्वतःहून पायदळात गेला. फ्रान्समध्ये मांडीत गोळी लागली. पाय बरा झाला, पण लांब चालता येईना. दुसरा कुणी घरी बसला असता. यानं अर्ज केला, चालता येत नाही तर उडतो.

आधी तो वैमानिक नव्हता. दोन माणसांच्या विमानात मागे बसून कॅमेऱ्यानं खंदकांचे फोटो काढायचा. उघडं विमान, वर कडाक्याची थंडी, खालून तोफा. १९१६ मध्ये वरून हुकूम आला, सैन्यात ज्यू किती आहेत आणि ते खरोखर आघाडीवर आहेत की मागे लपले आहेत, याची मोजणी करा. ज्या मुलाच्या मांडीत गोळीचा खड्डा होता, त्याला कारकुनानं विचारलं, "सध्या ड्युटी कुठे?"

एमिल म्हणाला, "तीन हजार मीटरवर. खात्री करायची असेल तर वर या, जागा आहे."

हे वाचून बाबा इतके हसले होते की चष्मा काढून पुसावा लागला. हे वाक्य मी भाषणात घेणार आहे.

आई


ट्रॉय, २१ सप्टेंबर

काल सुवर्णामावशी आल्या होत्या. तुला आठवत असतील, गणपतीत नाटकं बसवायच्या त्या. खुणेची बातमी मंडळात पोचली आहे. कुणी पोचवली ते विचारू नकोस, मंडळ आहे ते.

"सुनेत्रा, तू ते पुसणार नाहीस," त्या चहा हातात घेण्याआधीच म्हणाल्या.

"बसा तरी आधी."

"आपलं हजारो वर्षांचं शुभचिन्ह आहे. कुणीतरी चोरलं, ती आपली चूक आहे का? आम्ही पिटिशन काढतोय. दोनशे सह्या सहज होतील. रविवारी सगळ्या जणी नऊवारी नेसून येतो."

"म्हणजे लोक विमान बघतील की तुम्हाला?"

"चेष्टा करू नकोस. श्रीरंगभाऊजींच्या मानाचा प्रश्न आहे हा."

"त्यांचा मान माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "त्याला सह्या लागत नाहीत. तुम्ही या, साध्या या, येताना चिवडा आणा."

त्या रुसल्या, पण डबा भरून लाडू घेऊन गेल्या. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. बाबाही तेच म्हणायचे. पण ते एकटे उभं राहून म्हणायचे.

आता एमिलचा पुढचा भाग. वैमानिक व्हायला गेला तेव्हा त्यानं उतरताना इतकी चाकं मोडली की सोबत्यांनी त्याला गूझ नाव ठेवलं. आपल्याकडे बदक म्हणू. पुढे लढाऊ तुकडीत गेला, तेव्हा प्रत्येकानं आपल्या विमानावर आपली खूण रंगवायची पद्धत होती, म्हणजे हवेत कोण कुठे ते कळावं. यानं पांढरं बदक रंगवून घेतलं. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, असा स्वभाव.

१९१७ च्या वसंतात तो तुकडीत आला. त्याचं विमान अल्बाट्रॉस, आपण बांधलं तेच. देखणं आणि वेगवान, पण एक खोट होती. फार तिरकं खाली झेपावलं की खालचा पंख थरथरायचा, कधी तुटायचा. वैमानिकांना हे माहीत असायचं आणि तरी ते झेपावायचे. एकदा एमिल उतरला तेव्हा त्याच्या खालच्या पंखाचा मुख्य दांडा लांबच्या लांब उभा चिरला होता. मेकॅनिकनं त्यात बोटं घालून दाखवली. एमिल दुसऱ्या दिवशी दुसरं विमान घेऊन वर गेला. हा भाग वाचला तेव्हा मीही टीमबरोबर हँगरमध्ये पंखांना कापड शिवत होते. प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्यानं टाका घालून गाठ मारायची, मग वरून डोप लावायचं, म्हणजे कापड ताणून बसवणारं वॉर्निश. मी त्या दिवशी केलेल्या सगळ्या गाठी पुन्हा तपासल्या. हँकला सुनेत्रा म्हणता येत नाही. तो म्हणाला, "सनी, हे विमान उडणार नाहीये. म्युझियममध्ये उभं राहणार आहे." मी म्हटलं, "ते तुला माहीत आहे. पंखाला कुठे माहीत आहे?"

त्याचं पहिलं पाडलेलं विमान त्याच्या नावावर लागलं नाही. जर्मन सैन्यात नियम कडक होता. साक्षीदार लागायचा, नाहीतर खाली पडलेल्या विमानाचे अवशेष. जमिनीवरच्या तोफवाल्यांनी ते आम्हीच पाडलं म्हणून दावा केला. तुकडीचा प्रमुख भांडायला निघाला, तर एमिल म्हणाला, "राहू द्या. ते बिचारे दिवसभर वर बघत बसतात, त्यांना कधीतरी काही लागू दे." पुढची नऊ मात्र साक्षीसह लागली. त्यातल्या एका इंग्रज वैमानिकाला त्यानं कैदेत पाठवण्याआधी आपल्या मेसमध्ये नाश्ता दिला. दुसरा एक मेला. त्याचं नाव आणि तो कुठे पुरला आहे, हे कागदावर लिहून एमिलनं शत्रूच्या विमानतळावर वरून टाकलं, म्हणजे त्याच्या आईला वाट बघत बसावं लागू नये. खालून गोळ्या येत असताना टाकलं.

मारलं हे खरंच. मी त्याला संत म्हणत नाही. पण ज्या मुलाला त्याचाच देश मोजायला निघाला होता, त्यानं आपलं काम असं केलं. मला त्याचा अभिमान वाटतो. तो माझा कुणी नाही, तरी वाटतो.

शेवटचं प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. त्यात तो मरतो. बाबा गेल्यापासून पुस्तिका तिथपर्यंत येते आणि मी मिटते. भाषणाआधी वाचावं लागेल.

आई


ट्रॉय, २८ सप्टेंबर

आज सकाळी लेआचा फोन आला. तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तिनं लपवायला सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. तिचं बोलणं मी मराठीत लिहिते, तिचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश यांच्यामध्ये जे समजलं ते.

ती म्हणाली, "आई, गुरुवारी आमचा उपास आहे. वर्षातला सगळ्यात मोठा. त्याआधी ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची असते. देवाकडे नाही, त्या माणसाकडेच. म्हणून फोन केला."

मी म्हटलं, "गुरुवारी आमचा दसरा आहे. तू कसली माफी मागतेस? दुखावलं तर आम्ही तुला."

"तुम्ही एका दिवसापुरतं. मी फोटो बघून त्या संध्याकाळी रडले. मग ते काय करत होते ते वाचलं, आणि मला फोन करायचा होता. ओजस म्हणाला, थांब, आधी त्यांना करू दे. मी थांबले. थांबता थांबता ते गेले. माझ्या वाटणीचा राग तीन वर्षं त्यानं धरलाय, आणि मी त्याला धरू दिला. याची माफी."

गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

"ते तुझ्यासाठी बांधत होते," मी म्हटलं. मीटिंगमध्ये बाबा काय म्हणाले होते, तेही सांगितलं. मागे आन्या कार्टून बघत होती, त्याचा आवाज येत होता.

मग मी सरळ विचारलं, "खूण ठेवू की काढू?"

"मला विचारू नका. मी काढा म्हटलं तर तुम्ही माझ्यासाठी काढाल, आणि ओजसला वाटेल तो जिंकला. ठेवा म्हटलं तर मी माझ्या आजोबांना काय सांगू? तुम्ही ठरवा. काहीही ठरवलंत तरी मी आणि आन्या येणार. तिकिटं काढलीत."

"आणि ओजस?"

"त्याचं तिकीटही काढलंय. बसेल की नाही, ते त्यालाच माहीत."

तर आता तू लेआच्या नावावर न येण्याचं सांगू शकत नाहीस. न यायचं असेल तर स्वतःच्या नावावर नको येऊस. मी तुझ्यावर चिडलेली नाही. तू बाबांचाच आहेस. एकदा पाय रोवला की काढायचा कसा, हे त्यांना कधी जमलं नाही. ते मागे घेणारे नव्हते, पण ते वाईटही नव्हते. त्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, "लावा." म्हणाले, "तो लावेल." संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला आणि हँगरमध्ये गेले.

हँकला आज विचारलं, काय करता येईल. तो म्हणाला, "सोपं आहे, सनी. बदक तसंही त्याच जागी रंगवायचं आहे. थोडं मोठं रंगवू. खूण खाली झाकली जाईल. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"तुला तर काय, सगळंच कळतं."

"हँक, झाकतात ते चोरून केलेलं. ह्यांनी भर सकाळी, सगळ्यांसमोर केलं."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "मग ठेवायची की काढायची?"

मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत सांगते.

आई


ट्रॉय, ४ ऑक्टोबर

हे पत्र टपालानं वेळेत पोचायचं नाही. पानांचे फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर पाठवते. अक्षर लहान वाटलं तर मोठं करून वाच.

परवा दसरा झाला. आपट्याची पानं इथं कुठली, सुवर्णामावशींनी बाजारातून आणलेली सोनेरी कागदाची दिली. रुसवा गेला आहे. चिवडाही केला आहे. पिटिशन त्यांनी स्वतःच मोडली. म्हणाल्या, "तुझ्या घरचं तू बघ. पण नऊवारी मी नेसणार." मी म्हटलं, नेसा.

दुपारी जेवण झाल्यावर बाबांच्या खुर्चीत बसले आणि शेवटचं प्रकरण वाचलं. दोन हजार मैलांवर लेआ उपाशी होती, ते मनात होतं. मीही तेवढा दिवस उपास केला असता, पण श्रीखंड केलं होतं आणि ते मी खाल्लं.

१९१८ च्या मे महिन्यात तुकडीचा प्रमुख पडला आणि काही दिवस एमिल तुकडी चालवत होता. नवीन आलेली पोरं होती, एकोणीस-वीस वर्षांची. एका सकाळी त्यांच्यावर इंग्रज विमानं उलटली. एमिलनं पोरांना परत फिरायची खूण केली आणि स्वतः मागे राहिला. पोरं घरी पोचली. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे साक्ष लिहून दिली आहे. एमिलनं एकाला चुकवलं, दुसऱ्यामागे तिरका झेपावला, आणि खालचा पंख गेला. तीच खोट. तो इंग्रजांच्या बाजूला पडला. तेवीस वर्षांचा होता.

मला वाटलं होतं तेवढं वाचताना रडले नाही. रडू पुढच्या पानावर आलं.

इंग्रज वैमानिकांनी त्याला पूर्ण लष्करी मानानं पुरलं. बंदुकांची सलामी दिली. मोडलेल्या विमानाच्या पुढच्या पंख्याचं, प्रोपेलरचं, लाकूड घेऊन त्यांच्या सुतारानं स्वतः एक क्रूस केला, गुळगुळीत, नाव कोरून, आणि त्याच्या डोक्याशी उभा केला. शत्रूसाठी. जवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी त्याला दिलं. तो ज्यू आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं, तरी त्या क्षणी हात सवयीनं तिकडेच वळला असता.

युद्ध संपल्यावर काही वर्षांनी एमिलची धाकटी बहीण फ्रान्सला गेली. दफनभूमीचा माळी इंग्रज होता. पुस्तिकेत लिहिलं आहे, की ती आधी बराच वेळ त्या क्रुसावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, किती सुबक केला आहे, ज्यानं केला त्याला माझा नमस्कार सांगा. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या भावाला तुमचं दिलंत. आता त्याचं त्याला लावू द्या." माळ्यानं क्रूस काढून दिला. भांडण नाही, सॉरी नाही. त्या जागी साधा दगड आला, त्यांच्या पद्धतीचा. क्रूस तिनं शालीत गुंडाळून घरी नेला.

मी पुस्तिका मांडीवर ठेवून बसले. बाबांनी ही पानं वाचली होती की नाही, ते मला कळायचा मार्ग नाही. वाचली असली तरी ती स्वतःला लावून बघणारे ते नव्हते. ते म्हणायचे, मान पुसायचा नसतो. बरोबर म्हणायचे. त्या इंग्रजांचाही मान कुणी पुसला नाही. तो त्यांच्या नावावर राहिला, पुस्तकात छापला गेला, आणि इतक्या वर्षांनी मिशिगनमध्ये एका मिरजेच्या बाईला त्यानं रडवलं. फक्त थडगं एमिलचं होतं. विमानही एमिलचं आहे. ते आपलं गराज नाही आणि आपली होंडाही नाही.

बाबांनी त्याला मान दिला, याला साक्षीदार मी आहे. मी नारळ धरून उभी होते. उद्या भाषणात मी हे सांगणार आहे, कुंकवासकट, चिन्हासकट, लोकांना आवडो न आवडो. ज्याचं नाव गाळलं होतं, त्या मुलाचं नाव माझ्या नवऱ्यानं परत लावलं, आणि हात जोडून लावलं. माझी सून आणि माझी नात पुढच्या रांगेत बसलेल्या असतील. आज संध्याकाळी सात वाजता त्यांचं विमान उतरतं. मी न्यायला जाणार आहे. गाडीत चौघांची जागा आहे.

तू ये म्हणून मी काही केलेलं नाही, आणि तू आला नाहीस म्हणून ते वाया जाणार नाही. तुझ्या टेक्स्टला हे उत्तर नाही. काय केलं तेवढं तुला माहीत असावं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँगरमध्ये गेले. हँक सँडपेपर घेऊन पुढे आला, त्याला म्हटलं, मी करते. आधी खुणेला नमस्कार केला. मग वॉर्निश खरवडलं आणि तांबूस लाकूड कोरं होईपर्यंत हळूहळू घासलं. दुपारी त्या जागी वॉर्निशचा नवा हात दिला; त्यावर बदक हँक रंगवेल. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर लाल भुसा पडला होता. तो गोळा करून घरी आणला आणि निर्माल्य घालतात तसा मागच्या मेपलच्या मुळाशी घातला.

आई